शेती, बाग, रेशीम, गांडूळ : ‘-कल्चर’ने संपणाऱ्या शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात कृषीच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी पारिभाषिक शब्द शिकवते. यातल्या बऱ्याच मुलांच्या घरी मराठी, शाळेत हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी. एकाच गोष्टीची तीन तीन नावं समोर येतात आणि मुलं यादी घोकत बसतात. ॲग्रीकल्चर, हॉर्टिकल्चर, सेरिकल्चर, ॲपिकल्चर, सिल्व्हिकल्चर… दहाव्या शब्दाला पोचेपर्यंत तिसरा विसरलेला असतो. माझं सांगणं एकच : घोकू नका, शब्दाची फोड करा. शेपूट सगळ्यांचं सारखं आहे, डोकं तेवढं ओळखायचं. मुलं आणि त्यांचे आईवडील जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

‘कल्चर’ या शेपटाचा मूळ अर्थ काय?

लॅटिनमध्ये ‘कोलेरे’ असं क्रियापद आहे. कोशात त्याचे तीन अर्थ शेजारी शेजारी दिलेले असतात : जमीन कसणं, एखाद्या जागी वस्ती करून राहणं आणि देवाची पूजाअर्चा करणं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला या तिघांचा मेळ लागेना. मग आजोळचं शेत आठवलं. जो माणूस ते शेत कसायचा तो तिथेच खोपटात राहायचा आणि बांधावरच्या भेरूबाबाला शेंदूर लावून नारळही तोच फोडायचा. रोज जाऊन बघायचं, हात लावायचा, निगा राखायची, हे तिन्ही अर्थांत आहे. कोलेरेपासून ‘कुल्तुरा’ हे नाम झालं आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत जाऊन त्याचं ‘कल्चर’ झालं.

मराठीत मशागत, निगा, जोपासना हे तिन्ही शब्द याच्या जवळ जातात. माझं मत ‘जोपासना’ला. मशागत जमिनीची होते, पण जोपासना जमिनीची, झाडाची, माशीची, किड्याची आणि छंदाचीही होते. कल्चरही एवढ्या सगळ्यांना लागतं.

आणखी एक गोष्ट मुलांना फार आवडते. कोलेरे आणि आपला संस्कृत ‘चर्’ धातू हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने एकाच मुळाचे. त्या मुळाचा अर्थ फिरणं, वळणं. ‘चक्र’ही त्याच घरातलं. आता ‘परिचर्या’ हा शब्द आठवा. आजारी माणसाच्या अवतीभवती राहून, उठबस करून केलेली सेवा म्हणजे परिचर्या. रोमन शेतकरी जमिनीची करायचा तीही परिचर्याच.

मग ॲग्रीकल्चरची फोड कशी करायची?

शेवटून. आपल्या तत्पुरुष समासात दुसरं पद महत्त्वाचं असतं, तसंच इथेही. राजवाडा म्हणजे राजाचा वाडा. मुख्य गोष्ट वाडा. तसं ॲग्रीकल्चरमध्ये मुख्य गोष्ट मशागत, आणि कशाची तर ‘अग्री’ची. लॅटिनमध्ये शेताला ‘अगेर’ म्हणतात आणि ‘अग्री’ हे त्याचं षष्ठीचं रूप, म्हणजे ‘शेताचं’. अख्खा शब्द झाला ‘शेताची मशागत’. रोमन लोक तो दोन सुटे शब्द म्हणूनही लिहीत. इसवी सनपूर्व १६० च्या सुमारास केटो या रोमन मुत्सद्द्याने शेतीवर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ‘दे अग्री कुल्तुरा’ असं आहे. लॅटिन गद्यातलं पूर्ण स्वरूपात टिकलेलं ते सर्वांत जुनं पुस्तक. ज्या भाषेत पुढे एवढं तत्त्वज्ञान आणि कायदा लिहिला गेला, तिच्या टिकलेल्या गद्याची सुरुवात शेतीच्या पुस्तकाने होते, हे मला फार मोलाचं वाटतं.

या ‘अगेर’चा भाऊ ऋग्वेदात आहे. तिथे ‘अज्र’ म्हणजे शेत, मोकळं रान. आणि इंग्रजीमार्गे आपल्याकडे आलेला ‘एकर’ हाही त्याच कुळातला. माळव्यात बोलताना बिघा म्हणायचं, सरकारी कागदावर हेक्टर असतं आणि महाराष्ट्रातले नातेवाईक आले की हिशोब एकरात होतो. त्या पाहुण्यांच्या तोंडी ‘एकर’ आला की समजायचं, वेदातला अज्र युरोपाची फेरी करून घरी आलाय.

ॲग्री आणि ॲग्रो यात फरक काय?

ॲग्री लॅटिन, ॲग्रो ग्रीक. दोन्हींचा अर्थ शेत. लॅटिन समासात मधे बहुधा ‘इ’ येते, ग्रीक समासात ‘ओ’. म्हणून ॲग्रीकल्चर पण ॲग्रोनॉमी, हॉर्टिकल्चर पण बायोलॉजी. शब्द कुठल्या घरचा ते ओळखायला ही खूण पुष्कळदा पुरते.

हॉर्टिकल्चरला मराठीत काय म्हणायचं? बागायत म्हटलं तर चालेल का?

या प्रश्नावर मी थोडी अडून बसते, कारण इथे चूक झाली की परीक्षेतच नाही, शेतावरही गोंधळ होतो.

‘होर्तुस’ म्हणजे कुंपण घातलेली बाग. अगेर मोकळं शेत, होर्तुस राखलेली जागा. तेव्हा हॉर्टिकल्चर म्हणजे बागेची जोपासना. त्यात फळं, भाज्या, फुलं, शोभेची झाडं असं सगळं येतं. मध्य प्रदेशात सरकारी खात्याचं नाव ‘उद्यानिकी’ आहे. महाराष्ट्रात खात्याला ‘फलोत्पादन’ म्हणतात आणि विद्यापीठात विषयाला ‘उद्यानविद्या’. इंदूरच्या मराठी मुलाला हे तिन्ही शब्द कानावरून गेलेले हवेत.

‘बागायत’ मात्र वेगळी. शब्दात बाग असली तरी मराठी शेतकऱ्याच्या तोंडी बागायत म्हणजे पाण्याखालची शेती आणि जिरायत म्हणजे पावसाच्या भरवशावरची. विहिरीच्या पाण्यावरचा ऊस बागायती आहे, पण तो हॉर्टिकल्चर नाही. उलट डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर वाढलेली सीताफळाची बाग जिरायत असूनही हॉर्टिकल्चरमध्ये मोडते. गंमत अशी, की ‘जिरायत’ हा शब्द मूळ अरबी ‘जिराअत’वरून आला आणि तिकडे त्याचा अर्थ नुसताच ‘शेती’. आपल्याकडे येऊन तो अर्धाच उरला.

हॉर्टिकल्चरच्या पोटात आणखी ‘कल्चर’ आहेत. फुलांचं फ्लोरिकल्चर, ‘फ्लोस’ म्हणजे फूल, मराठीत फुलशेती किंवा पुष्पोत्पादन. भाज्यांचं ओलेरिकल्चर, ‘ओलुस’ म्हणजे शिजवून खायची भाजी. द्राक्षांचं विटिकल्चर, ‘विटिस’ म्हणजे द्राक्षवेल. पण फळांच्या शास्त्राचं नाव पोमोलॉजी. तिथे शेपूट ग्रीक आहे आणि परीक्षेत नेमका तोच विचारतात.

सेरिकल्चर म्हणजे धान्याची शेती ना? ‘सीरियल’सारखं?

नाही. हा प्रश्न दर वर्षी येतो. एका छापील मार्गदर्शिकेत मी स्वतः ‘सेरिकल्चर : तृणधान्यांची लागवड’ असं वाचलं आहे आणि ती वाचून परीक्षेत तसंच लिहून आलेली एक मुलगी माझ्यासमोर रडली आहे. दोन गुणांची गोष्ट होती, पण तिची चूक नव्हती. म्हणून हे नीट सांगते.

‘सीरियल’ म्हणजे तृणधान्य. तो शब्द ‘केरेस’ या रोमन देवतेवरून आला. इंग्रजीत तिला ‘सिरीज’ म्हणतात. ती धान्याची, पिकाची देवी. तिचा सेरिकल्चरशी काही संबंध नाही.

सेरिकल्चरमधला ‘सेरि’ येतो ‘सेरेस’वरून. ग्रीक आणि रोमन लोक पूर्वेच्या, रेशमाच्या देशातल्या माणसांना सेरेस म्हणत. म्हणजे आजच्या चीनकडचे लोक. त्यांच्याकडून येणारं कापड ते ‘सेरिकुम’. रोमन बायका रेशीम नेसायच्या, पण ते होतं कसं याचा रोममध्ये पत्ता नव्हता. सेरेस लोक झाडाच्या पानांवरून तलम धागा विंचरून काढतात, असं तिथले नामवंत कवी आणि लेखकही लिहून गेले. किडा आणि कोश त्यांना माहीतच नव्हते. पुढे सहाव्या शतकात, सम्राट जस्टिनियनच्या काळात, काही संन्याशांनी रेशीमकिड्यांची अंडी बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन, साम्राज्यात आणली. तेव्हा युरोपाला हा धंदा कळला. नाव मात्र तेच राहिलं. तेव्हा सेरिकल्चरच्या फोडीत किडाही नाही आणि तुतीही नाही, नुसतं एका दूरच्या लोकांचं नाव आहे.

मराठीत रेशीमशेती. इंदूरच्या मुलांना मी सांगते, घरी आईची माहेश्वरी साडी असेल तर ती हातात घ्या. उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा, अशी तिची जुनी वीण. उभा धागा सेरिकल्चरचा आणि आडवा ॲग्रीकल्चरचा, असं बोट फिरवून लक्षात ठेवा. त्या मुलीने पुढच्या वर्षी असंच लक्षात ठेवलं होतं.

मधमाशीपालन, रेशीमशेती, वनसंवर्धन… शेपूट एकच, तर मराठीत तीन वेगळे शब्द का?

कारण मराठी माणूस कामाकडे बघून शब्द लावतो. जे जितराब हलतं, ज्याला घर करून द्यावं लागतं, त्याचं ‘पालन’ : ॲपिकल्चर म्हणजे मधमाशीपालन, पिसिकल्चर म्हणजे मत्स्यपालन. जे जमिनीतून उगवतं किंवा पीक म्हणून विकलं जातं, त्याची ‘शेती’ : फुलशेती, द्राक्षशेती. रेशमाला शेती म्हणतात कारण तुतीचा मळा लावण्यापासून काम सुरू होतं. आणि जिथे वाढ घडवून आणायची, पण नांगर धरायचा नाही, तिथे ‘संवर्धन’ : वनसंवर्धन, ऊतिसंवर्धन, गांडूळसंवर्धन. परीक्षेत अर्थ विचारला आणि नेमका शब्द आठवला नाही, तर ही वाटणी लक्षात घेऊन शब्द बनवा. बहुतेक वेळा बरोबर येतो.

हिंदीत कल उलटा दिसतो. तिथे रेशमालाही ‘रेशम पालन’ म्हणतात. इंदुरात दोन्ही कानावर पडतात. दोन्ही बरोबर आहेत.

ॲपिकल्चरमधला ‘अपिस’ आणि मधमाशीच्या शास्त्रीय नावातला ‘एपिस’ एकच का?

एकच. लॅटिनमध्ये अपिस म्हणजे मधमाशी. आपल्याकडची सातेरी म्हणजे एपिस सेराना, उंच झाडावर किंवा पाण्याच्या टाकीखाली भलं मोठं पोळं लावणारी आग्या म्हणजे एपिस डोरसाटा, पेटीत पाळायला बाहेरून आणलेली म्हणजे एपिस मेलिफेरा. ‘मेल’ म्हणजे मध आणि ‘फेरा’ म्हणजे वाहून नेणारी. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडिश लिनियसने हे नाव १७५८ साली दिलं. नंतर त्याच्या लक्षात आलं, की माशी मध वाहून नेत नाही. ती फुलातला रस नेते आणि मध पोळ्यात तयार होतो. त्याने १७६१ साली ‘मेलिफिका’, म्हणजे मध करणारी, असं दुसरं नाव दिलं. पण नामकरणाच्या नियमात आधीचं नाव टिकतं, म्हणून आजही मेलिफेराच चालतं.

आग्याला कुणी पेटीत पाळत नाही. तिचा मध काढतात, पण तो काढणं म्हणजे ॲपिकल्चर नव्हे. जोपासना केली तरच कल्चर.

सिल्व्हिकल्चर आणि आर्बोरिकल्चर यात काय फरक?

‘सिल्वा’ म्हणजे अरण्य, ‘आर्बोर’ म्हणजे झाड. अख्खं जंगल वाढवायचं, राखायचं, ठरवून तोडायचं ते सिल्व्हिकल्चर. एकेका झाडाची छाटणी, औषध, आधार ते आर्बोरिकल्चर. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या नावातही हाच सिल्वा आहे : पेन आडनावाच्या माणसाचं अरण्य.

व्हर्मिकल्चर आणि व्हर्मिकंपोस्ट एकच आहे का?

‘वर्मिस’ म्हणजे किडा, जंत, गांडूळ. व्हर्मिकल्चर म्हणजे गांडुळं वाढवणं. व्हर्मिकंपोस्ट म्हणजे त्यांच्याकडून करून घेतलेलं खत, आपलं गांडूळखत. पहिल्यात विकायला गांडूळ, दुसऱ्यात खत. एकाच वाफ्यात दोन्ही होतं म्हणून लोक शब्दही एकच वापरतात, पण लिहिताना वेगळे ठेवा.

हा वर्मिस कुठे कुठे जाऊन बसलाय बघा. बाजारातल्या शेवयांच्या पाकिटावर ‘वर्मिसेली’ लिहिलेलं असतं. इटालियन भाषेत त्याचा अर्थ ‘छोटी गांडुळं’, आकारावरून. ‘व्हर्मिलियन’ म्हणजे शेंदरी लाल रंग, तोही याच्यावरूनच, कारण पूर्वी तांबडा रंग एका बारीक किड्यापासून काढत. आणि आपला ‘किरमिजी’? तो अरबी ‘किरमिझ’वरून आला, आणि किरमिझचं नातं ‘कृमी’शी आहे. म्हणजे रोमने किड्यावरून एक लाल रंग ओळखला आणि आपण दुसरा. पैठणीचा किरमिजी काठ आणि सणाची शेवयांची खीर या दोन गोष्टींच्या मागे किडा उभा असेल, असं माझ्या आईला कधीच खरं वाटलं नाही.

‘इंदूर पद्धत’ म्हणतात ती आपल्याच इंदूरची का?

होय, आणि इंदूरच्या मराठी मुलांना हे माहीत नसतं याची मला खंत वाटते.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली हिंदुस्थानात आले. आधी बिहारात पुसा इथल्या संशोधन केंद्रात होते. १९२४ साली त्यांनी इंदुरात ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ सुरू केली आणि १९३१ पर्यंत ते इथे होते. कापूस हा तिथला मुख्य विषय. पण जगात नाव झालं ते खताच्या खड्ड्यामुळे. ज्या आवारात हे काम चाललं तिथे आज कृषी महाविद्यालय आहे. इंदुरातली हजारो माणसं रोज त्यावरून जातात.

पद्धत सांगायला साधी आहे. काडीकचरा, पालापाचोळा, पिकाची धसकटं यांचा थर. त्यावर शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि थोडी राख. पुन्हा कचरा, पुन्हा शेणमाती. पाणी शिंपायचं, पण चिखल होऊ द्यायचा नाही. हवा आत जाईल इतकं सैल ठेवायचं. ठरलेल्या दिवसांनी तीनदा पालट करायची. साधारण तीन महिन्यांत खड्ड्यात मूळची काडीसुद्धा ओळखू येत नाही. काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचं खत मिळतं. आपल्या उकिरड्यात आणि याच्यात फरक आहे तो पालटण्याचा आणि प्रमाणाचा. उकिरडा पडून राहतो, खड्ड्याकडे बघावं लागतं. कोलेरेचा अर्थ इथे पुन्हा आठवा.

१९३१ साली या कामावर जे इंग्रजी पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचं नाव आहे. मराठी माणसाचं नाव. जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्ड भेटतात, वाड क्वचितच. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदुरात आले होते, तेव्हा त्यांनीही इथे येऊन हे काम पाहिलं.

आता शब्दांकडे. ‘कंपोस्ट’ लॅटिनच : ‘कोम’ म्हणजे एकत्र, ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं. थरावर थर एकत्र ठेवलेलं ते कंपोस्ट. निबंधाला इंग्रजीत ‘कंपोझिशन’ म्हणतात, तो याचा सख्खा भाऊ. आणि खत मुरून जे उरतं तो ‘ह्युमस’. लॅटिनमध्ये हुमुस म्हणजे माती. माणसासाठीचा लॅटिन शब्द ‘होमो’ याच मुळाचा, म्हणजे मातीचा जीव. आपल्याकडे पृथ्वीला ‘क्ष्मा’ म्हणतात, तीही याच मुळाची. ‘मराठीत ह्युमसला काय?’ असं विचारतात. पुस्तकात शब्द ‘ह्युमस’च वापरतात, पण शेतकरी म्हणतो ‘जमिनीत कस आहे’. तो कस म्हणजे पुष्कळसा हाच.

टिश्यू कल्चर, लॅबमधलं कल्चर, सोयाबीनचं कल्चर… हे सगळं एकच कसं?

इंदुरात ‘कल्चर’ हा एक शब्द एका दिवसात चार जागी भेटू शकतो.

सकाळी कृषी सेवा केंद्रात शेतकरी ‘सोयाबीनचं कल्चर द्या’ म्हणतो. त्याला हवं असतं रायझोबियमचं पाकीट. रायझोबियम हे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणारे जिवाणू. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचे, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. पाकीट उन्हात पडलं की आतले जीव मरतात आणि उरते ती काळी भुकटी. हे पाकीट म्हणजे औषध नव्हे, त्यात जिवंत वस्ती आहे, हे ‘कल्चर’ शब्दाचा अर्थ कळला तर आपोआप कळतं.

दुपारी केळीची रोपं घेणारा ‘टिश्यू कल्चरची आहेत ना?’ विचारतो. बुऱ्हाणपूर आणि पलीकडचं जळगाव, दोन्हीकडे जी-नाईन केळी अशाच रोपांची लावतात. केळीच्या कोंबाचा बारीकसा तुकडा काचेच्या बाटलीत, जंतू नसलेल्या खाद्यावर वाढवून त्याची असंख्य सारखी रोपं करायची. पेशी अशी शरीराबाहेर वाढवता येईल हा विचार हाबरलांड्ट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९०२ साली मांडला. मराठीत ऊतिसंवर्धन.

संध्याकाळी पॅथॉलॉजीतून ‘कल्चर रिपोर्ट’ येतो. लघवीच्या नमुन्यात जंतू आहेत का हे बघायला तो नमुना खाद्यावर पसरून उबेत ठेवतात. जंतू असतील तर वाढतात. म्हणून या रिपोर्टला वेळ लागतो. लॅब मुद्दाम उशीर करत नसते, उगवायला थांबावंच लागतं. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत आधी हे खाद्य जिलेटिनचं असायचं; ते उबेत वितळायचं. तिथल्या एका सहकाऱ्याची पत्नी फॅनी हेसे स्वयंपाकात आगर वापरायची. तिने १८८१ साली ते सुचवलं आणि ते आजतागायत चाललंय. (हे ‘आगर’ मलय भाषेतलं, समुद्रशेवाळाचं. शेताच्या ‘अगेर’शी त्याचं नातं नाही, आणि आपल्या मिठागरातल्या आगराशीही नाही.)

रात्री घरी दुधाला विरजण लावतात. दह्याच्या पाकिटावर ‘ॲक्टिव्ह कल्चर’ लिहितात, ते विरजणच. चमचाभर जुन्या दह्यातले जिवाणू नव्या दुधात सोडायचे, भांडं उबेला ठेवायचं, हलवायचं नाही. लॅबवाला उबवणीच्या पेटीत जे करतो ते आजी लोकरीच्या टोपीत पातेलं गुंडाळून करायची. मुलांना टिश्यू कल्चर शिकवताना मी आधी विरजण सांगते.

शेतीचा शब्द ‘संस्कृती’साठी कसा काय वापरतात?

सिसेरो या रोमन वक्त्या-लेखकामुळे. इसवी सनपूर्व ४५ मध्ये त्याने लिहिलं, की शेत कितीही सुपीक असलं तरी मशागतीवाचून पिकत नाही, तसंच शिक्षणावाचून मन. तत्त्वज्ञान ही मनाची मशागत आहे. त्याने शब्द वापरला ‘कुल्तुरा’. तिथून पुढे युरोपात मनाच्या, मग समाजाच्या मशागतीलाही कल्चर म्हणू लागले. ‘मनाची मशागत’ हा प्रयोग मराठीतही सहज चालतो. आणि ‘मशागत’ अरबी ‘मशक्कत’वरून, म्हणजे कष्ट. मला तो शब्द फार प्रामाणिक वाटतो.

बंगालीत कल्चरसाठी ‘कृष्टी’ हा शब्द चालवला होता, कृष् म्हणजे नांगरणं यावरून. रवींद्रनाथ टागोरांना तो आवडत नसे. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी १९२२ साली पॅरिसमध्ये होते. तिथे एका मराठी मित्राच्या तोंडी त्यांनी ‘संस्कृती’ हा शब्द या अर्थाने ऐकला. त्यांनी तो टागोरांना सांगितला, टागोरांना पसंत पडला आणि बंगालीत रुळला. मराठीत तो आधीपासून रूढ होता, ही गोष्ट मी वर्गात जरा मोठ्या आवाजात सांगते.

तरी ‘कृष्टी’बद्दल मला थोडी हळहळ आहे. वेदात ‘कृष्टी’ म्हणजे माणसं, जनसमूह. जमीन नांगरून स्थिर झालेली माणसं. कल्चरचा शब्दशः अर्थ त्यात जास्त उतरला होता.

मोनोकल्चर आणि पर्माकल्चर लॅटिन आहेत का?

अर्धे. ‘मोनो’ ग्रीक, शेपूट लॅटिन. म्हणजे एकच पीक. पर्माकल्चर हा तर १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी ‘पर्मनंट’ आणि ‘ॲग्रीकल्चर’ जोडून केलेला शब्द.

मोनोकल्चरला मराठीत एकपीक पद्धत. माळव्यात खरिपाला सोयाबीन आणि रब्बीला गहू असं इतकं पक्कं झालंय, की शाळकरी मुलाला ज्वारीचं कणीस दाखवून ‘हे काय’ विचारावं लागतं. पिकं दोन असली तरी दर खरिपाला मैलोन्‌मैल सोयाबीनच, म्हणून रोग आला की शेजाऱ्यापासून शेजाऱ्याकडे तो अडथळ्याशिवाय जातो. मोनोकल्चरचा तोटा यापेक्षा वेगळा समजावून सांगायची गरज पडत नाही.

व्हल्चर आणि स्कल्प्चर याच कुटुंबातले का?

नाहीत. गिधाडाचा ‘व्हल्चर’ लॅटिन ‘वुल्तुर’वरून, आणि स्कल्प्चर ‘स्कुल्पेरे’ म्हणजे कोरणं यावरून. कान फसतो, फोड फसत नाही.

मराठीत ‘ॲग्री’ लिहायचं की ‘एग्री’?

मराठीत ॲ, हिंदीत ए. इंदूरच्या पाट्यांवर ‘एग्रीकल्चर’ दिसतं ते हिंदी वळण आहे. उत्तर मराठीत लिहीत असाल तर ‘ॲग्रीकल्चर’ लिहा आणि एका पानात दोन्ही मिसळू नका.

‘कॉलनी’सुद्धा याच शब्दातून आली, हे खरं का?

खरं. कोलेरे करणारा तो ‘कोलोनुस’, म्हणजे जमीन कसणारा. आणि अशा लोकांना जमिनी देऊन जिथे वसवलं ती ‘कोलोनिया’. रोम निवृत्त सैनिकांना अशा वसाहतींत जमीन द्यायचं. ऱ्हाईन नदीवरच्या अशाच एका वसाहतीला इसवी सन ५० मध्ये कोलोनियाचा दर्जा मिळाला आणि शहराचं नावच ते पडलं : आजचं जर्मनीतलं कलोन. दाढीनंतर लावायचं ‘कोलोन’ त्याच गावचं.

इंदुरात निम्म्या पत्त्यांच्या शेवटी कॉलनी असते. यातल्या कित्येक कॉलन्या ज्या जमिनीवर उभ्या आहेत, तिथे तीस-चाळीस वर्षांपूर्वी गहू डोलत होता, हे जुनी माणसं हात करून दाखवतात. कसणं गेलं, राहणं उरलं; शब्दात दोन्ही होतं.

आणि तो कल्चर रिपोर्ट पुन्हा बघा. जंतू किती, हे सांगायला खाली ‘कॉलनी काउंट’ लिहिलेलं असतं. काचेच्या थाळीत आगरावर एक जंतू पडतो, दुसऱ्या दिवशी तिथे टाचणीच्या डोक्याएवढा पांढरट ठिपका दिसतो. त्या ठिपक्याला सूक्ष्मजीवशास्त्रात कॉलनीच म्हणतात.